पावसाळाभर पडून राहिलेली लाइटची बॅटरी : कोणती उठवायची, कोणती सोडून द्यायची

तुळशीची लग्नं लागली की गावोगावचे फोटोवाले व्हिडिओ लाइट बाहेर काढतात आणि त्याच आठवड्यात ओरड सुरू होते : बॅटरी चार्जिंग घेत नाही. आषाढापासून बॅग उघडलेली नसते, हळदीची ऑर्डर परवावर आलेली असते. मग कुणी मोटरसायकलच्या बॅटरीवरून वायर लावून ‘झटका’ देतो, कुणी ती फ्रीजमध्ये ठेवतो, कुणी फरशीवर आपटून बघतो. कामाची बॅटरी फेकली जाते आणि फेकायची ती जबरदस्तीनं जिवंत करून मंडपात नेली जाते. दोन्हीकडे चूक एकच असते. मोजायच्या आधी चार्जिंगला लावलेली असते.

हा लेख मुख्यतः एनपी-एफ प्रकारच्या लिथियम बॅटरीबद्दल आहे, म्हणजे एलईडी पॅनेलच्या पाठीमागे सरकवून बसवतो ती. व्ही-माउंट (मोठ्या लाइटला अडकवायची जड लिथियम बॅटरी), फ्लॅशचे पेन्सिल सेल आणि जुन्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

एनपी-एफच्या डब्यात लिथियम सेलच्या दोन पायऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. लहान बॅटरीत दोन सेल, मधलीत चार, मोठीत सहा. पण व्होल्टेज सगळ्यांचं सारखंच. नावावर ७.४ (काहींवर ७.२), पूर्ण भरल्यावर ८.४. सेलसोबत एक छोटं सर्किट असतं. सेल साधारण अडीच ते तीन व्होल्टच्या खाली उतरला की ते बाहेरची वाट बंद करतं, म्हणजे बॅटरी ‘झोपते’. मग मीटर बाहेरून शून्य किंवा शून्याच्या आसपासचा भलताच आकडा दाखवतो, पण आतल्या सेलमध्ये जीव असू शकतो.

म्हणून ‘मीटर शून्य दाखवतो’ एवढ्यावर बॅटरी मेली असं ठरत नाही. आत सेल किती खाली गेलाय, हा खरा प्रश्न. सेल दीड-दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथं जमतं आणि सेलच्या पोटातच शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी चार्ज होते, लाइटही लावते, आणि एखाद्या दिवशी बॅगेतच पेटू शकते. झटक्याचे व्हिडिओ बघून बॅटरी उठवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

टप्पा १ : जागा, वेळ आणि सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सोबत तुमचा नेहमीचा चार्जर, त्याच जातीची एक चांगली चालणारी बॅटरी, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयपीए (टोकं पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल), कानकोरणीचा कापूस, डॉक्टरी चिकटपट्टी आणि पेन.

जागेबद्दल मी हट्टी आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यात दिवाळीनंतर घराघरात भाव वाढायची वाट बघत कापूस रचलेला असतो. नेमका तोच काळ बॅटऱ्या बाहेर काढायचा. कापूस असलेल्या खोलीत, गादीवर, लाकडी शोकेसमध्ये किंवा लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी अशी बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. ओसरीतली किंवा न्हाणीघराबाहेरची उघडी फरशी घ्या. भोवती हातभर मोकळी जागा हवी. बाजूला एक बादली पाणी आणि एक टोपलं वाळू.

वेळ सकाळची. लिथियम बॅटरी शून्य ते ४५ अंशांच्या आतच चार्ज करायची असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नका. उन्हातून आणलेली बॅटरी आधी दोन तास घरात तशीच पडू द्या. लवकर गार व्हावी म्हणून ती कुलरसमोर ठेवतात, ते करू नका. कुलरची हवा ओली असते आणि ती ओल टोकांवर बसते.

टप्पा २ : डोळ्यांनी आणि नाकानं तपासणी

बॅटरी सपाट फरशीवर पालथी ठेवून बोटानं हलवा. डुगडुगली तर फुगलेली आहे. सांधा उकललाय का, कोपरा चेपलाय का, टोकांजवळ चिकट काही आलंय का, गोडसर किंवा थिनरसारखा वास येतो का, हे बघा.

थांबा : यातलं एकही लक्षण दिसलं तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत. सरळ शेवटच्या टप्प्यावर जा. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शेजारीसुद्धा बसू नका.

बाहेरून ठीक असेल तर टोकं पुसा. पावसाळ्यात धातूच्या टोकांवर काळसर-हिरवट थर चढतो आणि नुसत्या त्या थरामुळेही चार्जिंग घेत नाही. कापसाच्या काडीला आयपीए लावून बॅटरीची आणि चार्जरची, दोन्हीकडची टोकं साफ करा, पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर नको, त्यानं मुलामा निघतो. रॉकेल आणि पाणी तर नकोच.

टप्पा ३ : चार्जर खोटा बोलत नाही ना?

चांगली बॅटरी चार्जरवर लावा. दिवा लाल होऊन टिकला तर चार्जर ठीक. हे आधी करायचं, कारण निम्म्या तासाची डोकेफोड कधी कधी एका तुटलेल्या केबलसाठी झालेली असते.

लाइनही बघा. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो, न्यूट्रल सैल असला तर उलट एकदम भगभगतो. असं होत असेल त्या बोर्डवर हे काम करू नका. मंडपवाल्याच्या जनरेटरवर तर पडून राहिलेल्या बॅटरीचं पहिलं चार्जिंग कधीच नको. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. चार्जिंग तुटल्यानं लिथियमचं काही बिघडत नाही.

टप्पा ४ : पहिली मोजणी

मीटरची फिरती चकती डीसी व्होल्टच्या २० वर. काळी वायर ‘कॉम’ला, लाल वायर व्होल्टच्या भोकात. १० अँपिअरच्या भोकात लाल वायर राहिली असेल तर मीटर लावताच बॅटरी शॉर्ट होते. ‘अँपिअर किती देते बघू’ म्हणून मीटर थेट बॅटरीला लावायची सवय बऱ्याच दुकानांत आहे. लिथियमवर हा प्रयोग म्हणजे मीटर, बॅटरी आणि बोट तिन्ही जाळून घेणं.

एनपी-एफची टोकं खाचेत आत असतात. अधिक-उणे खुणा डब्यावर असतात. त्या दोनच टोकांवर मोजा, तिसरं टोक असेल तर त्याला शिवू नका. मीटरची टोकं जाड असून आत जात नसतील तर बारीक टोकाच्या वायरी घ्या. दोन्हीकडे सुया लावायचा उद्योग नको, सुया एकमेकींना चिकटल्या की ठिणगी.

आता आकडा काय सांगतो ते :

६ व्होल्ट किंवा जास्त : बॅटरी नुसती उतरली आहे, झोपलेली नाही. टोकं साफ केल्यावर ती बहुतेक चार्जिंग घेईल. टप्पा ६ वर जा.

४ ते ६ च्या मध्ये : सेल बरेच खाली गेलेत. टप्पा ५ करा, पण नजर ठेवून.

१ च्या खाली किंवा शून्य : सर्किटनं दार बंद केलंय. आतलं कळायला मार्ग नाही, टप्पा ५ मध्येच कळेल.

१ ते ४ च्या मध्ये, आणि आकडा स्थिर : सर्किट उघडं असून सेल इतके खाली असतील तर ती गेली. पण सर्किट बंद असतानाही असा आकडा तरंगतो, म्हणून निकाल टप्पा ५ नंतरच्या मोजणीवरच द्या.

आकडा पट्टीवर लिहून बॅटरीला चिकटवा. तीन-चार बॅटऱ्या एकदम काढल्या की कोणती कोणती हे दुपारपर्यंत विसरलेलं असतं.

टप्पा ५ : उठवणं

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश.

झोपलेली बॅटरी चार्जरवर लावली की पुष्कळदा दिवा लगेच हिरवा होतो. सोबतचा पोरगा म्हणतो, “भाऊ, फुल्ल आहे ना हे, हिरवा दाखवते!” फुल्ल वगैरे काही नाही. करंट जात नाहीये, म्हणून चार्जरला वाटतं काम संपलं. रिकामा चार्जरही हिरवाच असतो, बघा. अशी ‘फुल्ल’ बॅटरी घेऊन लोक वीस किलोमीटरवरच्या गावी हळदीला गेलेले आहेत.

करायचं ते असं. पहिला उपाय तुमचाच चार्जर. बॅटरी लावा, दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, दिव्याकडे लक्ष देऊ नका. मग काढून लगेच मोजा. अजून शून्यच असेल तर काढून-लावून आणखी दोनदा करा. बरेच चार्जर सुरुवातीला अगदी बारीक करंट सोडतात आणि सर्किटला जागं करायला तो पुरतो.

दुसरा उपाय दुसरा चार्जर. काही चार्जर शून्य व्होल्टची बॅटरी ओळखतच नाहीत, काही ओळखतात. शेजारच्या स्टुडिओतला वेगळ्या बनावटीचा चार्जर पंधरा मिनिटं मागून आणा. तुमच्या पॅनेलला चार्जिंगची सोय असेल तर बॅटरी पॅनेलवर बसवून तिथूनही बघा.

तिसरा उपाय मोबाइल दुरुस्तीवाल्याचा डीसी पॉवर सप्लाय. हा त्याच्याच हातानं. व्होल्टेज ८.४ च्या वर नाही, आणि करंट आधी बांधून घ्यायचा : बॅटरीवर जितके एमएएच (mAh, म्हणजे तिची साठवण) लिहिलेत त्याचा विसावा भाग. २२०० च्या बॅटरीला १०० मिलिअँपिअरच्या आसपास, ६६०० च्या मोठीला ३००. व्होल्टेज ६ वर आलं की तिथून काढून नेहमीच्या चार्जरवर. अर्ध्या तासात ६ वर आलं नाही तर सोडून द्या; लहान बॅटरीला एवढा वेळ पुष्कळ झाला.

हे करू नका : दुसऱ्या भरलेल्या बॅटरीवरून वायर जोडणं. भरलेल्या बॅटरीतून किती करंट धावेल यावर तुमचा काहीच ताबा नसतो. मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी त्याहून वाईट. डबा फोडून सर्किट बाजूला सारून थेट सेलला चार्जिंग देणंही नको. सर्किटनं दार बंद केलं ते कारणाशिवाय केलेलं नाही.

तपासा : जागी झाल्यावरची मोजणी, लगेच एकदा आणि पाच मिनिटांनी पुन्हा. बॅटरीचा निकाल इथे लागतो. साडेपाच किंवा जास्त असेल आणि पाच मिनिटांत फारसं पडलं नाही, तर पुढे चला. ४ ते साडेपाच असेल तर चार्जरवर अर्धा तास द्या. तेवढ्यात ६ ओलांडलं तरच पुढे. ४ च्या खाली असेल, म्हणजे सेलमागे दोन व्होल्टसुद्धा नाहीत, तर राजेहो, हात जोडा आणि बाजूला ठेवा. नवीन बॅटरीचे पैसे वाचवायच्या नादात घर पणाला लावू नका.

टप्पा ६ : पहिलं चार्जिंग, राखण करत

रात्री लावून झोपायचं नाही, लावून शेतात जायचं नाही. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट ठीक. तळहात टेकवून ठेवता येत नाही इतकी तापली तर चार्जर भिंतीतून बंद करा आणि बॅटरी फरशीवर एकटी सोडा.

वेळेचा हिशेब आधीच करा. एमएएचला चार्जरच्या मिलिअँपिअरनं भागा आणि थोडं वर धरा. २२०० ला ६०० चा चार्जर असेल तर चार-साडेचार तास. ६६०० ला त्याच चार्जरवर बारा तास. मोठी बॅटरी उठवायची तर पहाटे सुरू करा. २२०० ची बॅटरी वीस मिनिटांत हिरवी झाली तर ती भरलेली नाही, तिनं घ्यायचं बंद केलंय.

धूर किंवा फुसफुस ऐकू आली तर आधी मेन स्विच. हातात उचलून पळू नका. दुरून वाळू टाका किंवा भरपूर पाणी ओता. या बॅटऱ्यांना पाणी चालतं, त्यानं त्या गार होतात. धूर छातीत जाऊ देऊ नका, माणसं आणि जनावरं बाहेर काढा.

तपासा : हिरवा लागल्यावर काढून मोजा. ८.२ ते ८.४ हवं. हिरवा लागला पण मीटर ७.६ किंवा ७.९ वर अडकलाय, तर आतल्या दोन पायऱ्यांत तफावत पडलीय. एक भरून काठोकाठ आली, दुसरी अर्धीच राहिली, आणि सर्किटनं चार्जिंग तोडलं. स्वस्त कॉपी बॅटऱ्यांमध्ये ही तफावत आपोआप भरून निघायची सोय बहुधा नसते. पुन्हा पुन्हा चार्जरवर लावून ती सुधारणार नाही. बाद.

टप्पा ७ : रात्रभर एकटी ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण ऑर्डर उद्याची असते. चार्जरवरून काढलेली बॅटरी त्याच फरशीवर, कशालाही न जोडता रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. ८.३८ ची ८.३२ झाली तर छान. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडली तर आत कुठेतरी गळती आहे, आणि ती गळती म्हणजेच वर सांगितलेला पोटातला शॉर्ट असू शकतो. लाइट कितीही लखलखीत लागत असली तरी ती बॅटरी ठेवू नका.

जागं झाल्याबरोबरचा आकडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा. मी कुणाचीही बॅटरी या दोनच आकड्यांवर पास-नापास करतो. चार्जरचा दिवा आणि पॅनेलवरच्या दांड्या काय म्हणतात ते विचारत नाही.

टप्पा ८ : बॅकअप किती?

लाइटला लावा, पूर्ण उजेडावर चालू करा, घड्याळ बघा. हिशेब सोपा आहे. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, गुणिले ७.४, म्हणजे सोळा वॉट-तास. १५ वॉटचं पॅनेल तासभर चालायला हवं. मोठ्या ६६०० च्या बॅटरीत जवळजवळ ४९ वॉट-तास, म्हणजे ३० वॉटच्या लाइटला दीड तास. कॉपी बॅटरीवरचा छापील आकडा फुगवलेला असतो, म्हणून शक्य असेल तर तिच्याच जोडीच्या चांगल्या बॅटरीशी तुलना करा. जोडीदारणीच्या तीन-चतुर्थांश चालली तरी पुष्कळ.

लाइट मंद झाली की थांबा, पार विझेपर्यंत चालवू नका. तीन-चार वेळा पूर्ण उतरवून भरली की ताकद परत येते हा समज जुन्या निकेल बॅटऱ्यांचा आहे. लिथियमला त्याचा फायदा नाही, उलट झीज होते.

पास झालेल्या बॅटरीवर तारीख आणि मिनिटं लिहा. पहिले काही कार्यक्रम ती फक्त राखीव. मंगलाष्टकं चालू असताना पॅनेलवर ती नको. जेवणावळीच्या शूटला, बॅग उघड्यावर असताना वापरा.

बाकीच्या बॅटऱ्या

बहुतेक व्ही-माउंटमध्ये चार पायऱ्या असतात : नावावर १४.४ किंवा १४.८, भरल्यावर १६.८. वरचे बॅटरीचे सगळे व्होल्टचे आकडे दुप्पट करा, पद्धत तीच. काहींना झोपायची सोय मुद्दाम दिलेली असते. आधी बटण दाबून आणि चार्जरवर लावून बघा. ताकद जास्त म्हणून धोकाही जास्त, पॉवर सप्लायचा प्रयोग हिच्यावर करू नका.

फ्लॅशचे १.२ व्होल्टचे रिचार्जेबल पेन्सिल सेल फार उतरले की हुशार चार्जर त्यांना नाकारतो. साध्या, रात्रभर चालणाऱ्या मंद चार्जरवर अर्धा तास ठेवून मग हुशार चार्जरवर लावा. दोन-तीनदा भरून-उतरवून यांची ताकद खरंच परत येते. उणे आकडा दाखवणारा किंवा टोकाला पांढरी भुकटी आलेला सेल फेका आणि चारच्या संचात दुसऱ्या संचातला सेल मिसळू नका.

जुन्या सनगनची (हातात धरायच्या हॅलोजन व्हिडिओ लाइटची) १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी पावसाळाभर साडेदहाच्या खाली पडून राहिली असेल तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसलेलं असतं. एक दिवस मंद चार्जिंग देऊन बघा, जास्त आशा ठेवू नका.

आणि बॅटरीवरचा मोठा स्ट्रोब (स्टँडवरचा मोठा फ्लॅश) महिनोन्‌महिने बंद असेल तर बॅटरी उठल्यावर लगेच फुल पॉवर मारू नका. सगळ्यात कमी पॉवरवर काही फ्लॅश, मग हळूहळू वर. आतले कपॅसिटरही पडून पडून आळसावलेले असतात.

टप्पा ९ : पुढच्या पावसाळ्याआधी

शेवटच्या लग्नानंतर बॅटरी भरूनही ठेवू नका, संपवूनही नाही. ७.४ ते ७.७ वर आणा आणि पॅनेलवरून काढा. लाइट बंद असली तरी पॅनेल थोडंथोडं पीत राहतं, आणि बॅटरी झोपायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. टोकांना टोपी किंवा पट्टी लावून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिकाच्या पुडीसोबत ठेवा. पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी टाळा, घरातली सगळ्यात थंड खोली निवडा. पोळ्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा मोजा; ७ च्या खाली गेली असेल तर तासभर चार्जिंग द्या.

टप्पा १० : बाद झालेल्या बॅटरीचं काय

उकिरड्यावर नाही, चुलीत नाही, भंगारवाल्याच्या पोत्यात मोकळी तर नाहीच. तो ती हातोड्यानं फोडतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, वर ‘बाद’ लिहा, वाळू भरलेल्या डब्यात घराबाहेर सावलीत ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर आहे. म्हणून नागपूर-अमरावतीला सामान आणायला जाल तेव्हा नवीन बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात पुढे करा. दुकानदार घेत नसेल तर शहरातल्या ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी द्या. बसमध्ये नेताना डबा आडवा पडू देऊ नका, आणि फुगलेली बॅटरी तर बसमधून नेऊच नका.